सातबाऱ्यावरची सही किती वर्षं टिकणार?

प्रति,
राज्यातला महसूल, आधार आणि ऑनलाइन सेवांचा कारभार ठरवणारे सर्व वरिष्ठ अधिकारी

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ मध्ये डिजिटल सातबाऱ्याला कायदेशीर मान्यता देणारा निर्णय झाला. १५ रुपये भरून काढलेला, डिजिटल सही, क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असलेला उतारा आता सरकारी आणि बँकेच्या कामाला चालतो. तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात सेवा केंद्र चालवते. पेरणीच्या तोंडावर पीककर्जाच्या कागदासाठी एका शिक्क्यापायी हेलपाटे घालणारी माणसं मी वर्षानुवर्षं बघत आलेय. त्यामुळे हा निर्णय वाचून आनंदच झाला. तो मागे घ्या, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही.

पण त्या निर्णयाने उताऱ्यावरचा सगळा भरवसा डिजिटल सहीवर आणून ठेवला. शिक्का गेला, ओळखीचं अक्षर गेलं, उरलं ते गणित. त्या गणिताचं येत्या दहा-पंधरा वर्षांत काय होईल, याची चर्चा जगभर चालू आहे. आमच्या तालुक्यापर्यंत मात्र त्यातलं चकार अक्षर पोचलेलं नाही. विचारून बघितलं नाही असंही नाही. मागे केंद्रचालकांना सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं गेलं. ओटीपी कुणाला सांगू नका, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवू नका, वगैरे. (चिकटवतात. सगळे चिकटवतात.) शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी उठून विचारलं, की क्वांटम संगणक आल्यावर या डिजिटल सह्यांचं काय करायचं ठरलंय? हॉल हसला. व्यासपीठावरून उत्तर आलं, "मॅडम, ते तुमच्या गावात येईपर्यंत आम्ही रिटायर झालेलो असू."

साहेब, तुम्ही रिटायर व्हाल. सातबारा होत नाही.

ज्यांना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. ४७ गुणिले ५९ किती, हे आठवीतलं पोरगं कागदावर काढून देतं: २७७३. पण नुसता २७७३ हा आकडा हातात दिला आणि कोणत्या दोन संख्यांचा हा गुणाकार असं विचारलं, तर त्याच पोराची बराच वेळ खटपट चालते. आकडा ६१७ अंकी असला तर जगातले सगळे संगणक एकत्र बसवूनही ते साधत नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी या अडचणीवरच एक पद्धत उभारली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. डिजिटल सह्या, बँकांच्या वेबसाइट, आधारचा अंगठा सर्व्हरपर्यंत पोचवण्याची व्यवस्था, या सगळ्यांच्या मुळाशी ही पद्धत आहे, नाहीतर तिची धाकटी बहीण शोभेल अशी इलिप्टिक कर्व्हची पद्धत.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिलं, की क्वांटम तत्त्वावर, म्हणजे अणूहून लहान कणांच्या वागण्याच्या नियमांवर चालणारा पुरेसा मोठा संगणक तयार झाला तर हे उलटं गणित त्याला जड जाणार नाही. म्हणजे दुसऱ्याची सही बनवता येईल आणि झाकून पाठवलेली माहिती उघडता येईल. इलिप्टिक कर्व्हचंही तेच. तेव्हा असं यंत्र कुणाकडे नव्हतं, आजही नाही. क्वांटमच्या नावाने घाबरवून दुकान चालवणारे बरेच आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते: रोजच्या वापरातली आरएसए आजवर कोणत्याही क्वांटम संगणकाने तोडलेली नाही. क्युबिट म्हणजे अशा संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक. गूगलच्या २०१९ मधल्या यंत्रात ते ५३ होते, डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'विलो' चिपमध्ये १०५. विलोचं महत्त्व या आकड्यात नाहीच. क्युबिट अतिशय नाजूक असतात, क्षणाक्षणाला चुकतात. जितके जास्त जोडावेत तितक्या चुका वाढत जायच्या. विलोमध्ये चुका दुरुस्त करणारी मांडणी मोठी करत नेली तसतशी चूक कमी होत गेली. हे घडायला संशोधकांना जवळपास तीस वर्षं लागली.

दुसरी हालचाल कागदावर झाली, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. २०४८ बिटांची, म्हणजे वर सांगितलेल्या ६१७ अंकी आकड्याची आरएसए तोडायला २ कोटी क्युबिट आणि ८ तास लागतील, असा हिशोब क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला होता. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो नव्याने केला: १० लाखांपेक्षा कमी क्युबिट, आठवड्याहून कमी वेळ. नवं यंत्र न बांधता, निव्वळ डोकं चालवून गरज वीस पटींनी खाली आली. १०५ आणि १० लाख यांत अजून फार अंतर आहे, मान्य. पण ते अंतर दोन्ही टोकांनी कमी होतंय.

हे ओळखून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ पासूनच क्वांटमला पुरून उरतील अशा पद्धती निवडायला घेतल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांतली पहिली तीन मानकं जाहीर झाली. आरएसए-२०४८ ची पद्धत २०३० नंतर शक्यतो टाळावी आणि २०३५ नंतर पूर्ण बंद करावी, असा आराखडाही तिथे मांडला गेला. ब्रिटननेही २०३५ हेच साल धरलंय. आपल्या केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यात २०३०-३१ पर्यंत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक बनवायचं उद्दिष्ट आहे. आंध्र प्रदेशात अमरावतीला क्वांटम व्हॅली होऊ घातलीय. (ती बातमी आली तेव्हा आमच्याकडच्या काहींनी ती आपल्या अमरावतीची समजून व्हॉट्सॲपवर फिरवली. अभिनंदनाचे बॅनर तेवढे लागायचे राहिले.)

मिशनमध्ये उपग्रहाच्या साहाय्याने २,००० किलोमीटरवर सुरक्षित संदेशवहनाचंही उद्दिष्ट आहे. चांगलंच आहे, सैन्याला लागेल, मोठ्या बँकांना लागेल. आमच्या केंद्राची वायर पांदण रस्त्याच्या कडेच्या खांबांवरून लोंबत येते. तिला उपग्रह नको. तिच्यातून जाणाऱ्या माहितीला नवं गणित हवं, आणि ते गणित साध्या इंटरनेटवर, साध्या सॉफ्टवेअरने चालतं. म्हणजे आमच्यासाठी लागणारी गोष्ट या सगळ्यात सर्वांत स्वस्त आहे. तरी तिच्याबद्दलच कुणी बोलत नाही.

"आधी शेताला दिवसा वीज द्या, मग क्वांटमचं सांगा," असं मला गावातच ऐकवलं जातं. रास्त आहे. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला साप-विंचवातून जाणाऱ्या माणसापुढे मी हा विषय काढतच नाही. आजची फसवणूकही क्वांटमने होत नाही. पीएम किसानचा हप्ता अडकलाय असं सांगत व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलने होते. हे सगळं खरं असूनही मी हा विषय धरून बसलेय, त्याचं कारण तुम्हीच घालून दिलेल्या नियमांत आहे.

विदर्भात जमिनीचा वाद कोर्टात गेला की वकील आधी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढून आणायला सांगतो. ओबीसी घरातली मुलगी इंजिनिअरिंगला लागली की जातपडताळणीसाठी तिच्याकडे १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. मग तिचा बाप कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवतो, आणि आजोबाच्या जन्माची एक पुसट ओळ सापडली तर पोरीचा प्रवेश टिकतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कागद अस्सल आहे हे पटल्याशिवाय तुमची यंत्रणा आम्हाला जमिनीचा, जातीचा, वारसाचा हक्क देत नाही. मग आज ऑनलाइन नोंदवलेला फेरफार, आज डिजिटल सहीने दिलेला जातीचा दाखला २०८० मध्ये कुणीतरी पुरावा म्हणून मागेल, हे उघड आहे. त्यावरची सही २०८० पर्यंत जाऊ द्या, २०४० पर्यंत तरी पुरावा म्हणून उभी राहील का?

कॅनडातले गणितज्ञ मिशेल मोस्का यांनी हा हिशोब फार सुटसुटीत करून ठेवलाय. माहिती किती वर्षं सांभाळायची आहे ते धरा. यंत्रणा बदलायला किती वर्षं लागतील ती त्यात मिळवा. ही बेरीज क्वांटम संगणक यायला लागणाऱ्या वर्षांपेक्षा मोठी निघाली, तर उशीर आजच झालेला आहे. यूपीआयचा व्यवहार काही सेकंदांत संपतो, एटीएम कार्ड काही वर्षांनी बदलतंच. बँकांची मला फारशी काळजी नाही. त्यांचा स्वतःचा पैसा अडकलाय, त्या वेळेत बदलतील. ज्या कागदांचं आयुष्य माणसाच्या आयुष्याएवढं किंवा त्याहून मोठं आहे त्यांची काळजी आहे: सातबारा, फेरफार, वारस नोंद, जातीचा दाखला, आणि आधारमधला अंगठा. या सगळ्यांवर सर्वांत जास्त कोण अवलंबून आहे, हे बघायला कोणत्याही सोमवारी आमच्या केंद्रासमोर उभं राहा.

आता तक्रारी.

पहिली, कुणी काही सांगत नाही. कोणत्या दाखल्यावर कोणत्या पद्धतीची सही आहे, ती कधी बदलणार, हे नागरिकाला कळायची सोय नाही. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०२५ मध्येच आपापल्या यंत्रणेत कुठे कोणतं एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करायची पद्धत, वापरलंय याची यादी ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. आधार प्राधिकरणाने त्याच वर्षी 'आधार व्हिजन २०३२' ची घोषणा करताना क्वांटमचा उल्लेख केला. म्हणजे दिल्लीत हा शब्द कुणाला अपरिचित नाही. तालुक्याला पोचेपर्यंत त्याचं हसं होतं.

दुसरी तक्रार मागच्या तारखांची, आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी. डिजिटल सातबाऱ्याची पीडीएफ संगणकावर उघडली की सहीपाशी हिरव्या खुणेऐवजी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, हे केंद्र चालवणाऱ्या कुणालाही विचारा. ते कसं तपासायचं याची रीत आहे, पण तपासतो कोण? आम्ही प्रिंट काढून हातात देतो, आणि प्रिंटवर आली की ती सही नुसतं चित्र असते. खरं-खोटं करायचं तर क्यूआर कोड किंवा पडताळणी क्रमांक टाकून सर्व्हरलाच विचारावं लागतं. सर्व्हर चालू असला की मूळ नोंद दिसते. म्हणजे एखाद्या सुट्या उताऱ्यावरची सही बनावट निघाली म्हणून लगेच आभाळ कोसळणार नाही, हेही सांगायला हवं.

पण सर्व्हरवरची मूळ नोंद कशाच्या आधारावर खरी? फेरफार मंजूर होतो तोसुद्धा मंडळ अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीने. ती सही उद्या तिसऱ्याच माणसाला तयार करता आली, तर तो हवी ती मागची तारीख घालून फेरफाराची फाइल बनवू शकतो. समजा २०४० मध्ये दोन भाऊ कोर्टात उभे आहेत. दोघांच्या हातात आजच्या तारखेच्या वाटणीच्या फाइल आहेत, दोन्हींवरच्या सह्या गणिताने बरोबर येतात, आणि मधल्या काळात सर्व्हर दोनदा बदललेला आहे. न्यायाधीशांनी काय बघून ठरवायचं? जुना कागद असता तर शाई बघितली असती, कागद बघितला असता, अक्षर बघितलं असतं. कोतवाल बुकात कुणी घुसडलेली ओळ मुरलेला कारकून नजरेने ओळखतो. फाइलकडे बघून तिचं वय कळत नाही.

यावर उपाय माहीत आहे. जुनी पद्धत तुटायच्या आत आजवरच्या सगळ्या नोंदींवर नव्या पद्धतीची सही आणि वेळेची नोंद करून ठेवायची, म्हणजे 'ही नोंद अमुक दिवशी अशीच होती' याचा टिकणारा पुरावा राहतो. फक्त हे आधी करावं लागतं. पद्धत तुटल्यावर केलं तर खोट्या नोंदीवरही तितकीच पक्की सही बसेल. म्हणून "वेळ आल्यावर बघू" हे उत्तर इतर ठिकाणी चालत असेल, इथे चालत नाही.

तिसरी, अंगठा. केंद्रावर अंगठा लावला की ती माहिती एईएस नावाच्या दुसऱ्या पद्धतीच्या २५६ बिटांच्या किल्लीने बंद होते. ही पद्धत क्वांटमपुढेही तग धरेल, असं जाणकार मानतात. पण ती किल्ली आधारच्या सर्व्हरला पाठवताना २०४८ बिटांच्या आरएसएने झाकली जाते, असं आधारच्या स्वतःच्या तांत्रिक कागदांतच लिहिलेलं आहे. कच्चं ठिकाण ते आहे. वाटेतली माहिती आज टिपून ठेवणाऱ्याला ती आज वाचता येत नाही, पण त्याला घाईही नाही. दिवाळीच्या आसपास भाव पडलेला असताना कापूस उचलून व्यापारी गोदाम भरतो आणि भाव चढायची वाट बघतो, तसा तो थांबेल. आठ-दहा वर्षांनी बँकेचा ओटीपी कुणाच्या कामाचा नसेल. अंगठा तेव्हाही तोच असेल.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मी हे सांगत बसले होते. आयुष्यभर डवरणी-निंदणी करून बोटांच्या रेषा झिजलेला माणूस. मशीन त्यांचा अंगठा धड घेतही नाही, शेवटी डोळ्यावर काम भागवावं लागतं. सगळं ऐकून म्हणाले, "पासवर्ड त बदलता येते. आंगठा कसा बदलशीन वं पोरी?" प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये कुणाला हा प्रश्न सुचला नाही.

चौथी तक्रार पैशाची. अंगठ्याची एल-झिरो मशीन बंद होऊन एल-वन सक्तीची झाली तेव्हा बदल योग्यच होता. नव्या मशीनमध्ये अंगठ्याची माहिती मशीनच्या आतच एन्क्रिप्ट होते, बाहेर उघडी येत नाही. पण आमच्यासारख्या केंद्रचालकांनी ती मशीन स्वतःच्या खिशातून घेतली. दाखल्यामागे हातात पडतात ते थोडे रुपये, त्यातून भाडं, वीज, कागद, शाई आणि वर मशीन. पुढचा बदल याहून मोठा आहे. आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये सहीला २५६ बाइट लागतात. एनआयएसटीच्या नव्या मानकांतली एमएल-डीएसए सही लहानात लहान घेतली तरी २,४२० बाइटची आहे. एका क्यूआर कोडमध्ये मावतात जास्तीत जास्त २,९५३ बाइट. नाव, पत्ता आणि फोटो उरलेल्या जागेत बसवून दाखवा! फाल्कन नावाच्या दुसऱ्या पद्धतीची सही ६६६ बाइटांत बसते, पण ती त्या पहिल्या तीन मानकांत नव्हती. सांगायचं इतकंच, की हे काम रात्रीतून अपडेट टाकून उरकणारं नाही. छापील कार्डं, स्कॅनर, अधिकाऱ्यांचे सहीचे डोंगल (पेनड्राइव्हसारखं यंत्र, त्यात सहीची किल्ली असते), आणि आमच्याकडचे ते कण्हत चालणारे जुने संगणक, सगळ्याला हात लावावा लागेल. तो खर्च कुणी करायचा हे आज ठरलं नाही, तर तो नेहमीप्रमाणे सगळ्यात खालच्या माणसावर येऊन पडेल. केंद्रचालकावर, आणि त्याच्यामार्फत दाखल्याला दहा रुपये जास्त मोजणाऱ्या मजुरावर.

याला लागूनच कागदांचं. "स्कॅन झालं ना, आता त्या गठ्ठ्यांचं काय लोणचं घालायचं?" असं बोलणं मी कानांनी ऐकलंय. वाळवी लागलेले, लाल फडक्यात बांधलेले ते गठ्ठे म्हणजे डिजिटल सही डळमळली तर उरणारा एकमेव साक्षीदार आहे. त्यांना रद्दी समजू नका.

आणि भाषा. या विषयावरची सगळी परिपत्रकं, सगळे अहवाल इंग्रजीत. ज्यांच्या जमिनीबद्दल ते आहेत त्यांतल्या कितीजणांना ते वाचता येतात?

माझ्या मागण्या अवघड नाहीत आणि त्यांतल्या पहिल्या दोनांना तर पैसाही फारसा लागत नाही.

राज्यातल्या लोकांना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक डिजिटल कागदाची यादी मराठीत जाहीर करा: सातबारा, आठ-अ, फेरफार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, जन्म-मृत्यू नोंद, शेतकरी ओळख क्रमांक. प्रत्येकापुढे आज सहीची कोणती पद्धत आहे, तो कागद किती वर्षं ग्राह्य धरायचा आहे आणि नवी पद्धत कोणत्या वर्षी येणार, एवढं लिहा. सुरक्षेचं कारण सांगून हे झाकू नका. पद्धतीचं नाव गुप्त ठेवून सुरक्षा वाढत नाही, आणि आधारने आपली पद्धत उघड लिहिलेलीच आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती सांभाळणाऱ्यावर वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकलीय. माहीत असलेल्या धोक्याची तारीखही न ठरवणं त्या जबाबदारीत कसं बसतं, तेही सांगा.

जमिनीच्या नोंदींना रांगेत पुढे घ्या. आजवरच्या सगळ्या फेरफारांवर आणि उताऱ्यांवर २०३० च्या आत नव्या पद्धतीची सही आणि वेळेची नोंद व्हावी. ती पूर्ण होईपर्यंत तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांतलं एकही मूळ दप्तर नष्ट करू नये, असा लेखी आदेश निघावा.

केंद्रातून जाणारा अंगठा आणि डोळ्याची माहिती नव्या पद्धतीने झाकून पाठवायची सुरुवात सगळ्यांत आधी करा, कारण तिथे टिपून ठेवलेलं परत आणता येत नाही. हे काही चंद्रावर जाण्याएवढं अवघड काम नाही. क्रोम ब्राउझरमध्ये जुनी आणि नवी पद्धत जोडीने वापरायची सोय २०२४ पासून आपोआप चालू आहे; समोरचा सर्व्हर तयार असला की झालं. माझ्या केंद्रातला जुनाट संगणक या बाबतीत तयार आहे. तुमचे सर्व्हर कधी तयार होतील, ते कळवा.

नव्या यंत्रांचा खर्च शासनाने करावा. यापुढे मशीन, डोंगल, पोर्टल यांच्या ज्या निविदा निघतील त्यांत एक अट घालावी, की एन्क्रिप्शनची पद्धत यंत्र न बदलता बदलता आली पाहिजे. आज ही अट घातली नाही तर आज घेतलेली यंत्रं २०३० मध्ये भंगारात जातील आणि पुन्हा पावती आमच्याच नावावर फाटेल. बदलाच्या काळात नवी सही चालत नाही, जुनी ओळखत नाही, सर्व्हर डाऊन आहे, या कारणांनी कुणाचं रेशन, पीकविमा किंवा पीककर्ज अडू नये. तोवर कागदी उतारा आणि तलाठ्याची सही चालेल, असं आधीच लिहून ठेवा. शेतकरी ओळख क्रमांक योजनांसाठी सक्तीचा झाला तेव्हा ज्यांचा क्रमांक वेळेत निघाला नाही त्यांची जी धावपळ झाली, ती आम्ही बघितलीय.

आणि एक प्रयोग विदर्भातच करा. नागपूर जिल्ह्यातल्या सातनवरीला २०२५ मध्ये स्मार्ट आणि इंटेलिजंट गाव म्हणून पुढे आणलंत, तिथे ड्रोन दाखवलेत, सेन्सर दाखवलेत. त्याच गावातल्या एखाद्या शेतकऱ्याचा नव्या सहीचा सातबारा काढा, तो बँकेत नेऊन चालवून दाखवा आणि कुठे-कुठे अडलं ते सगळ्यांना वाचायला द्या. अडेल नक्की. आज तिथे अडलं तर परवडेल.

उत्तर मराठीत आणि लेखी हवं. "आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे" ही छापील ओळ पाठवणार असाल तर टपालखर्च वाचवा. १ मे च्या ग्रामसभेत मी हे पत्र वाचणार आहे आणि वरच्या मागण्यांचा ठराव मांडणार आहे. तोवर तुमचं उत्तर आलं तर तेही वाचून दाखवीन. नाही आलं, तर आलं नाही असं इतिवृत्तात लिहून घेईन. आमच्याकडे ते अजून वहीत, शाईने लिहितात.

आपली,
एक सेवा केंद्रचालक
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ